दोर पुरेल तेवढा समुद्र

समुद्राचं कौतुक मला कुणी सांगू नये. मी देवगडजवळच्या एका वाडीत वाढले. समुद्र आमच्या परसाच्या पलीकडेच होता, आणि त्याने आमचं काही भलं केल्याचं मला आठवत नाही. भांड्यांना गंज, कपड्यांना खारट वास, आणि घरातले पुरुष गेले की परत येईपर्यंत आईचा जीव टांगणीला. लग्न होऊन पिंपरीला आले, औषधांच्या कंपनीत बाटल्यांना लेबलं लावायच्या खात्यात लागले, तेव्हा पहिलं समाधान मला याचंच वाटलं की इथून समुद्र कुठूनही दिसत नाही. तरी एक्याऐंशी सालच्या डिसेंबरात मी स्वतःच्या पायांनी बोटीत चढले आणि ओकत ओकत लक्षद्वीपला जाऊन आले. याला कारण एकच माणूस, कोंडीराम ओव्हाळ.

कोंडीरामभाऊ बाटल्या धुण्याच्या खात्यात होते. धुतलेल्या बाटल्यांचे क्रेट ते आमच्या टेबलाशी आणून ठेवत, आणि ठेवताना बाटलीवर बाटली वाजत नसे. छाती रुंद, पाय बारीक, आणि बोलणं इतकं कमी की त्यांच्या दिवसभराच्या शब्दांत माझा एक चहासुद्धा संपला नसता. पुनावळ्याहून सायकलने यायचे. आमचे हे त्याच कंपनीत स्टोअरला होते, त्यामुळे दुपारी कँटीनमध्ये आम्हा दोघांच्या टेबलावर त्यांची भाकरी सुटायची. माझ्या डब्यातला सुका बांगडा दिसला की ते न पाहिल्यासारखं करत, आणि मग मीच वाढायचे.

पुनावळ्यात आणि आजूबाजूच्या गावांत मात्र त्यांना कंपनीचा माणूस म्हणून कुणी ओळखत नव्हतं. तिथे ते पाणबुडे. कुणाची घागर विहिरीत गेली, कुणाच्या पंपाचा फुटव्हॉल्व गाळात रुतला, की बोलावणं यायचं. माणूस बुडालं तरी यायचं. ते कंबरेला दोर बांधून उतरत, आणि दोराचं दुसरं टोक काठावर कायम घरच्याच माणसाच्या हातात असे. आधी त्यांची आई गिरजाबाई धरायची, लग्नानंतर कस्तुरा, म्हणजे त्यांची बायको. एक हिसका म्हणजे मी ठीक आहे, दोन म्हणजे ओढा. मला ही रीत फार आवडली होती, नवरा-बायकोचं कसं हे प्रेम वगैरे. मी तसं म्हटलं तेव्हा कस्तुरा हसली. ओव्हाळांच्या कंबरेचा दोर हातात धरायला गावातलं दुसरं कोण पुढे येणार होतं, असं तिने मला विचारलं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि संतापही आला, तो अजून गेलेला नाही. ज्या विहिरीत गिरजाबाईला घागर बुडवू देत नव्हते, तिच्याच तळाशी तिच्या मुलाला पाठवत होते. त्याने मढं वर काढलं की गाव विहीर उपसून शुद्ध करून घेई, आणि गिरजाबाई घागर घेऊन पुन्हा लांब उभी. छप्पन साली सगळ्या वस्तीने बौद्ध धम्म घेतला, तेव्हा जुनी गावकीची कामं सुटली. हे कामही सोड, असं कोंडीरामभाऊंना सगळ्यांनी सांगितलं. त्यांनी त्या कामाचा नारळ-टॉवेल घेणं सोडलं, जाणं सोडलं नाही. काठावर बुडालेल्याची आई रडत असती, तिला काय सांगू, एवढंच त्यांचं उत्तर.

पण एक गोष्ट गावाला ठाऊक नव्हती. कस्तुराने ती मला सांगितली, एकदा तिच्याकडे वालाच्या शेंगा सोलत बसलो होतो तेव्हा. कोंडीरामभाऊ पाण्यात डोळे उघडत नसत. विहीर अंधारीच असते, सगळं काम हाताने चाचपून, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. बासष्टच्या उन्हाळ्यात चिखलीकडच्या एका मळ्यात नवी नवरी विहिरीत गेली. पाणी उतरलेलं, नितळ, आणि माथ्यावरचं ऊन तळापर्यंत पोचलेलं. त्यांनी खाली जाऊन डोळे उघडले तर ती समोरच होती. तिचेही डोळे उघडे. त्यानंतर पाण्यात शिरताना त्यांचे डोळे मिटायचे ते तोंड पुसल्यावरच उघडायचे. न्हाणीत तोंडावर पाणी मारतानासुद्धा ती दिसायची, असं कस्तुरा म्हणाली.

आता हा माणूस बेटावर जायची गोष्ट कशी काढेल? पण काढली. कंपनीच्या करमणूक मंडळाने कँटीनच्या भिंतीवर पडदा लावून एक माहितीपट दाखवला. पाठीवर हवेची टाकी बांधून एक परदेशी माणूस समुद्रात उतरतो, माशांच्या थव्यांतून फिरतो आणि वर येतो. आम्ही बायका रंगांवर खूश झालो, पुरुष त्याच्याबरोबरच्या बाईवर. दुसऱ्या दिवशी जेवताना कोंडीरामभाऊ भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाले, "सुमनताई, पाण्याखालनं हसत वर आलेला माणूस म्या पयल्यांदा बगितला."

त्यांना तसं एकदा जायचं होतं. एकदा पाण्यात डोळे उघडायचे होते आणि जिवंत काहीतरी बघायचं होतं. पुढे कधी ती नवरी दिसली तर तिच्या जोडीला डोळ्यांपुढे दुसरंही काही असावं. हे त्यांनी एवढ्या शब्दांत सांगितलं नाही, पण मी काही दगड नाही, मला कळलं.

आमची कंपनी सरकारी. एलटीसी मिळायची, चार वर्षांतून एकदा देशात कुठेही जा, भाडं कंपनीचं. मागच्या खेपेला ओव्हाळ कुटुंब बोधगयेला जाऊन आलं होतं, त्यामुळे देवाधर्माचं देणं उरलं नव्हतं. पडद्यावरच्यासारखा समुद्र बेटांभोवतीच असतो, म्हणून प्रश्न एवढाच होता की कुठल्या बेटावर जायचं. आणि कँटीनमध्ये असा प्रश्न पडला की तो एका माणसाचा राहत नाही. आठवड्याभरात दोन पक्ष पडले.

अंदमानचा पक्ष युनियनच्या अर्जुनरावांचा. अर्जुनराव वर्तमानपत्र मोठ्याने वाचणारे. त्यांच्या मते अंदमानला जाणं हे प्रत्येक कामगाराचं कर्तव्य होतं, तिथली भूमी पवित्र, जंगल घनदाट आणि समुद्र अथांग. ते स्वतः लोणावळ्याच्या पलीकडे गेले नव्हते, पण त्यामुळे त्यांचं काही अडलं नाही. अडलं ते पुनावळ्यात. ओव्हाळांचा कोंडीराम काळ्या पाण्यावर चाललाय ही बातमी गावात पोचली, आणि एक म्हातारी काठी टेकत कस्तुराकडे येऊन हळूच विचारून गेली की बाई, त्यानं केलं तरी काय.

लक्षद्वीपचा पक्ष गेटवरच्या बबनरावांचा. बबनराव नौदलातून निवृत्त होऊन आमच्याकडे सिक्युरिटीला लागलेले, दोन्ही बेटं पाहिलेले, आणि म्हणून दोन्हींना नावं ठेवण्याचा हक्क राखून असलेले. अंदमानच्या खाड्यांत मगरी आहेत आणि लक्षद्वीपला संध्याकाळी माणसाला प्यायला काही मिळत नाही, असं त्यांचं मत. त्यातली दुसरी अडचण जास्त मोठी, असं ते सांगत.

मी म्हटलं, एवढं लांब कशाला, आमच्या देवगडला चला, भावाचं घर आहे. कोंडीरामभाऊंनी मला एकच विचारलं, तळ दिसतो का. मी म्हटलं, ओहोटीला दिसतो. म्हणजे पाणी गेल्यावर, असं आमचे हे मध्येच बोलले, आणि सगळं टेबल हसलं. माझ्या माहेरच्या समुद्राला मी शिव्या घालीन, पण दुसऱ्यांनी हसलेलं मला खपत नाही. त्या दिवशी बांगडा मी कुणालाच वाढला नाही.

तोच प्रश्न त्यांनी सगळ्यांना विचारला. अर्जुनराव म्हणाले, अथांग आहे म्हटल्यावर तळाचं काय घेऊन बसलात. बबनराव मात्र खरं बोलणारे. तळ दोन्हीकडे दिसतो, पण अंदमानला बघण्यासारखं जे आहे ते किनाऱ्यापासून लांब, आणि तिथे समुद्र एकदम कड्यासारखा तुटतो. लक्षद्वीपच्या बेटांभोवती पोवळ्याचं कडं असतं, आत पाणी थाळीत ओतल्यासारखं. आधी गुडघाभर, मग गळ्याइतकं, आणि फार तर दोन-तीन परस, म्हणजे दोन-तीन माणसं एकमेकांच्या खांद्यांवर उभी राहतील एवढं.

त्या रविवारी आम्ही पुनावळ्याला गेलो तेव्हा निवाडा झाला. कस्तुराने माळ्यावरून दोर काढला. एक टोक तिच्या हातात, दुसरं कोंडीरामभाऊंच्या कंबरेला, आणि ते अंगणातून चालत निघाले. शेजारच्या गोठ्याच्या भिंतीपाशी दोर ताणला. ते तिथूनच म्हणाले, अंदमान नको. तिथे दोर पुरणार नाही.

मी कपाळाला हात लावला. विहिरीच्या दोराने समुद्र मोजणारा माणूस मी पाहिला नव्हता. तिथे दोर कुणी बांधत नाही, त्या पडद्यावरच्या माणसाला कुठे होता, मी म्हटलं. "त्याचं त्याला," ते म्हणाले, "काठाला कस्तुरा नसली तर म्या उतरत न्हाई." कस्तुरा दोराचं वेटोळं घालत होती आणि तिने मान वर केली नाही. ती स्वतः आयुष्यात पवनेच्या पाण्यात घोट्याच्या वर गेली नव्हती. इतकी वर्षं नवऱ्याला पाण्यात सोडून काठावर उभी राहिलेली बाई, तिला पाण्याची भीती वाटली तर नवल नाही.

अर्जुनराव आठवडाभर आमच्याशी बोलले नाहीत. लक्षद्वीपला जायच्या परवान्याचे सोपस्कार बबनरावांनी ओळखीने केले. आमच्याही एलटीसीचं तेच साल होतं, आणि या दोघांना परमुलखात एकटं कसं सोडायचं, असं मी ह्यांना सांगितलं. खरं तर तो माणूस डोळे उघडतो की नाही ते मला बघायचं होतं.

कोचीपर्यंत रेल्वे, पुढे बोट. बोटीत मी, दर्यावर्दी घराण्यातली लेक, बादलीला मिठी मारून पडले. कस्तुरा डेकवर बसून शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या खात होती आणि मधूनमधून माझं डोकं दाबून देत होती. दोराची पिशवी तिने मांडीवरून खाली ठेवली नाही.

कदमत नावाच्या बेटावर उतरलो. किनाऱ्यावरून बोटीची सावली तळातल्या वाळूवर दिसत होती. असा समुद्र असतो हे मला देवगडला कुणी सांगितलं नव्हतं. बबनरावांच्या ओळखीचा कोया नावाचा माणूस आम्हाला घ्यायला आला. धक्क्याखालचे साखळदंड तपासायला पाण्यात उतरणं हे त्याचं काम, आणि सुट्टीला तो पाहुण्यांना टाकी लावून खाली नेई. त्याची हिंदी आणि कोंडीरामभाऊंची हिंदी, दोन्ही सारख्याच पांगळ्या. पण कोंडीरामभाऊंनी स्वतःकडे बोट दाखवून बुडी मारल्याची खूण केली, मग हातांवर माणूस आडवा धरल्याची, आणि कोयाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यालाही ते काम ठाऊक होतं.

टाकीबिकी नको म्हणाले कोंडीरामभाऊ. आयुष्य गेलंय बुड्या मारण्यात. कोयाने छोट्या होडीतून आम्हाला आत नेलं. कस्तुराने दोर बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली. त्यांनी गुडघे पोटाशी घेतले, डोळे मिटले आणि उडी टाकली. आणि ते लगेच वर आले. पुन्हा गेले, पुन्हा वर. तिसऱ्यांदा पाय झाडत, हात मारत कसेबसे डोक्याएवढे खाली गेले, आणि समुद्राने त्यांना भोपळ्यासारखं वर सोडून दिलं. आमच्या खाऱ्या पाण्यात माणूस तरंगतो, विहिरीसारखा बुडत नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. त्यांना ते माहीत नसेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी इतकी हसले की होडी हलायला लागली. कोंडीरामभाऊ पाण्यातून मला म्हणाले की सुमनताई, तुमचा समुद्र माणसाला आत घेत न्हाई. मग तेही हसले.

कोयाने त्यांच्या कंबरेला शिशाच्या वजनांचा पट्टा बांधला, पाठीवर टाकी चढवली, डोळ्यांवर काचेचा मुखवटा बसवला, श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं. त्यावरून कस्तुराने दोर पुन्हा बांधला. कोयाला दोर अडचणीचा वाटला असणार, पण तिच्या तोंडाकडे बघून त्याने तो तसाच राहू दिला. दोघे खाली गेले. होडीतून आम्हाला ते दिसत होते. कोंडीरामभाऊ वाळूवर मांडी घालून बसले होते, निश्चल, आणि त्यांच्याभोवती निळेपिवळे मासे फिरत होते.

थोड्या वेळाने दोन हिसके आले. वर आल्यावर कोया आमच्याकडे बघून मान हलवायला लागला. "आँख बंद," तो म्हणाला. "नीचे पूरा टाइम आँख बंद."

कोंडीरामभाऊ होडीच्या कडेला धरून होते. कोया हाताने खुणा करत होता, पुन्हा जाऊ म्हणत होता. त्यांनी मानेनेच नकार दिला. मुखवटा काढून होडीत टाकला. जमत नाही म्हणाले, उघडायला गेलं की ती समोर येते. आलो एवढं पुष्कळ झालं, आता परत चला. दुसऱ्या दिवशी सकाळी आमची बोट सुटणार होती. मी बोलायला तोंड उघडलं, ह्यांनी माझा हात दाबला. इतक्या लांब आलेला माणूस असाच परत जाणार होता.

कस्तुरा दोर हातात घेऊन बसली होती. ती होडीच्या मधोमध, पाण्यापासून जितकं लांब बसता येईल तितकं. ती सरकत सरकत कडेला आली. होडी कलली तशी तिने एका हाताने फळी घट्ट धरली, पण आली. मुखवटा उचलून तिने त्यांच्या हातात दिला.

"तुमच्यासाठी नगा बगू," ती म्हणाली. "माजं काम हाय. खाली काय हाय, मला म्हाईत न्हाई. म्या येवढी वर्सं काठावर बसले, तुमी वर आनलं त्याच्याकडं कंदी बगितलं न्हाई, तोंड फिरवलं. आज मला बगायचंय. जावा आन् मला येऊन सांगा."

काठावरच्या माणसाने काही मागितलं आणि कोंडीरामभाऊ गेले नाहीत, असं कधी झालं नव्हतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग मुखवटा चढवला आणि खाली गेले.

या वेळी ते मांडी घालून बसले नाहीत. कोयाच्या मागे पोवळ्याच्या खडकाकडे गेले आणि त्याच्या सावलीत आम्हाला दिसेनासे झाले. कस्तुराच्या हातातून दोर सुटत सुटत शेवटाशी आला आणि ताणून राहिला. पुरला. हिसका येईना. कस्तुराचे ओठ हलत होते. ती त्रिसरण, बुद्धं सरणं गच्छामि, म्हणत होती, हे मला जवळ सरकल्यावर कळलं. मग दोर हलला. एक हिसका. कस्तुराने डोळे पुसले आणि पुन्हा दोर धरला. आणखी बऱ्याच वेळाने दुसरा, तोही एकच. टाकीतली हवा संपत आल्यावर कोयानेच त्यांना वर आणलं, दोन हिसके त्यांनी दिलेच नाहीत.

ते पाण्यातून आले तेव्हा हात रिकामे होते. मुखवट्याच्या आत डोळे उघडे होते, लाल झालेले, आणि मुखवटा काढला तर गालांवर पाणी, समुद्राचं की त्यांचं ते मी विचारायला गेले नाही. दोन्ही हातांनी दोर धरून कस्तुरा त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"समदी जित्ती हायेत, कस्तुरा," ते म्हणाले. "खाली समदी जित्ती हायेत."

कस्तुराने त्यांच्या केसांतली वाळू झाडली. मग एकेक सांगा, ती म्हणाली, आणि पाठीवरची टाकी काढायचं भान न ठेवता, होडीच्या कडेला लोंबकळत, कोंडीरामभाऊ सांगायला लागले.